पावसाळ्यात रोड बाइकला मडगार्ड: तारांचं पूर्ण की रबरी पट्ट्यांचं?

मडगार्ड लावावं की नाही, या वादात पडत नाही. पाठीवर उठलेली चिखलाची रेघ एकदा स्वतःच्या हाताने धुतली की माणूस लावतोच. कुठलं लावायचं, इथे मात्र माझ्यासारखी बरीच मंडळी अडतात. मी दोन पावसाळे एक प्रकार वापरला आणि नंतरचे दोन दुसरा. सायकल तीच, जुनी, रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडीला आवळतात तसली. कार्बनच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुफाट्याला, मडगार्डचे बोल्ट लावायला भोकं नाहीत. रस्तेही तेच: छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, नाहीतर रविवारी बिडकीनवरून पैठण आणि नाथसागर बघून माघारी. तेव्हा जे सांगतोय ते एवढ्याच अनुभवावरचं आहे. कोकणातल्या माणसाने ते बेतानेच घ्यावं.

आधी पूर्ण मडगार्डबद्दल. तारांवर पेललेलं, मागे जवळजवळ अर्धं चाक झाकणारं. डांबरी रस्त्यावर याला तोड नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. आपण पाठीचा विचार करून मडगार्ड घेतो, पण पायांचे हाल करतं ते पुढचं चाक. ते पाणी वर आणि पुढे फेकतं आणि आपण त्याच फवाऱ्यात पाय घालत जातो. बूट, मोजे, बीबी (पेडलच्या मधली बेअरिंग), चेन, सगळ्यांवर तेच पाणी. आभाळातून पडणाऱ्या पाण्याचं काही वाटत नाही. रस्त्यावरच्या पाण्यात मात्र डिझेल असतं, शेण असतं आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली माती असते. पुढचं मडगार्ड खालपर्यंत आलेलं असलं आणि टोकाला रबरी झडप असली, तर पाय घरी येईपर्यंत बऱ्यापैकी कोरडे राहतात. 200 किलोमीटरच्या एका ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांबच्या सायकल फेरीत, माझ्या चाकाला चाक लावून आलेल्या एका काकांनी मुक्कामाला पोचल्यावर मला चहा पाजला. तो माझ्या वेगासाठी नव्हता, मागच्या झडपेसाठी होता.

पण ते बसवायला मला 28 मिलिमीटर रुंदीचे टायर काढून 25 चे घालावे लागले. नेहमीच्या रिम ब्रेकच्या कॅलिपरखाली, म्हणजे टायरवरच्या ब्रेकच्या चिमट्याखाली, जागाच किती असते! फोर्कला भोकं नव्हती म्हणून तारा रबर लावलेल्या क्लिपांनी आवळल्या. त्यात एक अख्खा रविवार गेला. 25 च्या टायरवर आपल्याकडचे खड्डे मनगटापर्यंत कळतात, तेही सोसलं. पुढच्या चाकात काडी अडकून चाक जाम होण्याची भीती असते, ती काही खोटी नाही. एसकेएससारख्या कंपनीच्या चांगल्या संचात जोराची ओढ बसली की पुढच्या तारा सुटून याव्यात अशी सोय असते. रस्त्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, सांडलेल्या असतात अशा भागात राहत असाल, तर त्याशिवाय पुढचं पूर्ण मडगार्ड घेऊ नका.

हे सगळं चालवून घेतलं असतं. माझं गणित बिघडवलं ते काळ्या मातीने.

एका वर्षी जुलैत पैठणकडून येताना रस्त्याचं काम चालू होतं आणि वाहतूक बाजूच्या कच्च्या रस्त्यावर वळवली होती. जेमतेम अर्धा किलोमीटर. सुरुवातीला मुरूम होता. मुरमाचं एक बरं असतं, खडे खरखर करतात आणि निघून जातात. पुढे मुरूम संपला आणि काळी माती लागली. बेसाल्टची झीज होऊन झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि जिथे लागेल तिथे चिकटते. पन्नासेक मीटरवर मागचं चाक फिरायचं थांबलं. टायर आणि मडगार्डच्या मधल्या बोटभरही नसलेल्या जागेत माती ठासून बसली होती. काडीने उकरावी तर काडी शिरेना. मडगार्ड काढावं तर चार बोल्ट, दोन क्लिपा आणि वरून पाऊस. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. बांधावर एक शेतकरी डोक्यावर पोतं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, ते पत्रं काढून टाका की. आम्ही पावसाळ्यात मोटरसायकलचं बी काढून ठेवतो." खरं तर हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. गावाकडे पावसाळ्यात काळ्या सायकली खांद्यावर घेऊन येणारी माणसं पाहतच मोठा झालो. शेतात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओली माती जरा सुकल्याशिवाय, पाय घालू नये हे आपण ऐकलेलं असतं, पण शहरात आल्यावर ते सायकलला लावत नाही.

एक सांगायलाच हवं. असल्या मातीत मडगार्ड नसलं तरी रिम ब्रेकची सायकल अडकतेच, कॅलिपरमध्ये माती भरते. फक्त ती काडीने काढता येते आणि माणूस पुढे निघतो.

आणि खरं तर त्या अर्ध्या किलोमीटरचाही मला तेवढा राग नाही. तसला रस्ता वर्षातून दोनदा लागतो. मला वैताग आणला तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळीने. आपल्याकडे पाऊस कोकणासारखा लागून राहत नाही. एक दिवस पडतो आणि पुढचे चार दिवस उघडीप. मडगार्डच्या आत, ब्रेकच्या वरच्या बाजूला, जिथे बोट पोचत नाही तिथे राहिलेला चिखल त्या उघडिपीत वाळून विटेसारखा घट्ट होतो. मग सकाळी सहाला, कोरड्या रस्त्यावर, खर्र, खर्र, खर्र. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. थांबून चाक काढा, खरवडा, बसवा, की दहा किलोमीटरवर दुसरा पापुद्रा सुटून पुन्हा खर्र. शांत रस्त्यावर दुसरा आवाज नसतो, त्यामुळे तो फारच ऐकू येतो. नीट धुवायचं तर भरपूर पाणी मारावं लागतं, आणि आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. टाकीतलं पाणी सायकलच्या मडगार्डवर ओतताना घरातले ज्या नजरेने बघतात, ती नजर मी फार दिवस सोसू शकलो नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात पट्ट्यांचं मडगार्ड घेतलं. फोर्कला आणि मागच्या दांड्यांना रबरी पट्ट्यांनी आवळायचं, ब्रेकच्या खालून न जाणारं. सायकलला 28 चे टायर परत आले, निम्मा आनंद तिथेच. पाठ आणि सीट कोरडी राहते. पाय मात्र भिजतात, त्याबाबत खोटं बोलणार नाही. पुढचं मडगार्ड आखूड असल्यामुळे तासाभरात बूट पचपचायला लागतो. मी मोज्यावरून दुधाची रिकामी पिशवी चढवतो. दिसायला कसंतरीच, पण काम भागतं. दुसरी खोड अशी की खड्ड्यांच्या रस्त्यावर ते हळूहळू एका बाजूला सरकतं आणि टायरला घासतं. मग चालता चालता हाताने ढकलायचं. पट्ट्याखाली रंग घासला जातो, म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घालावा. मागून येणाऱ्याच्या तोंडावर थोडं पाणी जातं, त्यामुळे मला कुणी चहा पाजलेला नाही.

पण चिखल लागला की ते एका मिनिटात हातात येतं. ना पाना, ना ॲलन की. एकदा असाच कच्चा रस्ता समोर आला, तेव्हा आधीच दोन्ही मडगार्डं काढून पाठीवरच्या पिशवीला अडकवली, सायकल ढकलत पलीकडे गेलो आणि परत लावली. घरी आल्यावर अर्ध्या बादलीत दोन्ही धुऊन निघतात, तेच पाणी नंतर जास्वंदीला. पुढच्या सकाळी खर्र नाही. आणि चार दिवस उघडीप असली तर ती सरळ खिळ्याला टांगलेली असतात. मराठवाड्यात वर्षभरात सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही खंड पाडत येणारा. तेवढ्यासाठी चार महिने लोखंडी तारा वागवाव्यात का, असं मला वाटतं. कुणाला तसं वाटणार नाही, मान्य आहे.

सीटखाली खोचायची प्लॅस्टिकची पट्टीही मिळते. ती खिशात ठेवावी, अचानक सर आली तर उपयोगी. त्यापलीकडे तिच्याकडून काही अपेक्षा नको.

तुमची सायकल डिस्क ब्रेकची असेल, फोर्कला भोकं असतील, 32 चा टायर घालूनही वर बोटभर जागा उरत असेल आणि तुम्ही जालना रोडसारख्या मोठ्या डांबरी रस्त्यावरच चालवत असाल, तर माझं ऐकू नका, पूर्ण मडगार्ड घ्या. लांबच्या ब्रेव्हे चौघांसोबत करायच्या असतील तरी तेच घ्या. बाकीच्यांनी, म्हणजे जुनी रिम ब्रेकची सायकल, गावाकडे जाणारे फाटे आणि हप्त्यातून मोजकंच पाणी असणाऱ्यांनी, एक पावसाळा पट्ट्यांवर काढून बघायला हरकत नसावी.

माझा पूर्ण संच माळ्यावर आहे. दोन्ही क्लिपा, सगळे बोल्ट शाबूत, 25 च्या टायरला बसतो. आतल्या बाजूला थोडी माती आहे, ती काही मला निघाली नाही. कुणाला हवा असेल तर येऊन घेऊन जावा.