फ्लाइट सुटली तर पैसे कुणाकडून: एअरलाइन, विमा की कार्ड?

गेल्या जानेवारीत आई-बाबा धाकट्या बहिणीकडे सिंगापूरला निघाले. नागपूर-मुंबईचं तिकीट एका कंपनीचं, मुंबई-सिंगापूरचं दुसरीचं. वेगवेगळी तिकिटं काढून साडेचार हजार वाचवले होते. त्या सकाळी धुक्यामुळे सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, विमानच चार तास उशिरा आलं. आई-बाबा मुंबईत बॅगा घेऊन दुसऱ्या टर्मिनलला पोहोचले, तोवर काउंटर बंद झाला होता. पुढे दोन महिने कागदपत्रं फिरत राहिली. नागपूरहून परदेशी जाणाऱ्या बहुतेकांना मुंबई किंवा दिल्लीत विमान बदलावं लागतं, म्हणून त्या दोन महिन्यांत जे कळलं ते इथे मांडतो.

विम्याच्या आधी तिकिटाचं बघा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या उपलब्ध विमानात बसवणं एअरलाइनचं काम असतं. नवं तिकीट घ्यावं लागत नाही, बहुतेक वेळा बॅगाही थेट पुढे जातात. तिकिटं वेगळी असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही सरळ 'नो-शो', म्हणजे न आलेला प्रवासी. पहिलं विमान का लेट झालं, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. शिवाय जाण्याचा टप्पा चुकला की त्याच तिकिटावरचा परतीचा टप्पाही रद्द होऊ शकतो. मी नागपूरहून लगेच फोन लावून परतीचं तिकीट तेवढं वाचवलं. माझं मत स्पष्ट आहे: म्हातारी माणसं किंवा पहिल्यांदा परदेशी जाणारं कुणी असेल, तर चार-पाच हजार जास्त देऊन एकच पीएनआर घ्या. मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघणार असाल, तर वेगळी तिकिटं चालतील.

एअरलाइनकडून किती मिळतं? डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांप्रमाणे ठरावीक वेळेपेक्षा जास्त उशीर झाला की विमानतळावर खाणंपिणं द्यायचं, आणि सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. पण हे सगळं उशीर झालेल्या त्या एका तिकिटापुरतं. तुमच्या दुसऱ्या कंपनीच्या तिकिटाची भरपाई त्यात नाही, आणि धुक्यासारख्या कारणासाठी रोख भरपाईही नाही. एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते: नो-शो झालात तरी सरकारी कर आणि विमानतळाचं यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क) परत मिळायला हवं. रक्कम लहान असते, पण मागितल्याशिवाय हातात पडेलच असं नाही.

धुक्याच्या बाबतीत विमा उपयोगी पडतो तो इथेच. एअरलाइन जिथे हात वर करते, तिथे चांगली पॉलिसी पैसे देते. मात्र पॉलिसीत 'ट्रिप डिले' आणि 'मिस्ड कनेक्शन' ही दोन वेगळी कलमं असतात. पहिल्यात बहुधा ठरावीक तासांच्या उशिरासाठी ठरलेली रक्कम, दुसऱ्यात नवं तिकीट, हॉटेल असा प्रत्यक्ष खर्च. आम्ही आधी पहिल्या कलमाखाली क्लेम टाकला आणि तो रिजेक्ट झाला, कारण आमच्या पॉलिसीत त्यासाठी सहा तासांची अट होती. दुसऱ्या कलमात तीन तासांची होती. फॉर्म पुन्हा भरावा लागला.

तिकीट काढताना एका टिकवर मिळणारा स्वस्त विमा आणि वेगळी घेतलेली परदेश प्रवासाची पॉलिसी, यांत मी दुसरीच घेईन. पहिल्यात मिस्ड कनेक्शन असेलच असं नाही, आणि असलं तरी मर्यादा फार कमी असू शकते. पण वेगळ्या पॉलिसीतही एक खाच आहे, आणि ती नागपूरकरांना नेमकी नडते. परदेश प्रवासाच्या काही पॉलिसींचं संरक्षण भारत सोडल्यावरच सुरू होतं. मग नागपूरच्या उशिरामुळे मुंबईत विमान चुकलं, तर क्लेमच बसत नाही. घेण्याआधी कंपनीला एक ईमेल करा: 'भारतातला टप्पा धरलाय का, आणि दोन वेगळ्या पीएनआरना चालेल का?' उत्तर लेखी घ्या. आमच्या पॉलिसीत दोन्ही चालत होतं, म्हणून निभावलं.

क्लेम अडकला तो कागदावर. काउंटरवरच्या मुलानं बाबांच्या बोर्डिंग पासच्या मागे निळ्या पेनानं 'लेट, धुकं' असं लिहून सही करून दिली. बाबांनी तो पास जपून ठेवला होता. विमा कंपनीनं तो मानला नाही. त्यांना हवं होतं एअरलाइनच्या लेटरहेडवर: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, कारण. ते पत्र ईमेलनं यायला एकोणीस दिवस लागले. म्हणून विमानतळावरूनच ईमेल टाका. नवं तिकीट काढण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून नोंद क्रमांक घ्या. दोन्ही बोर्डिंग पास, नव्या तिकिटाची आणि हॉटेलची पावती जपा. आणि एअरलाइननं जे परत केलं ते क्लेममधून वजा होतं, तेव्हा ते लपवू नका.

विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरोंतोनं मुंबईला जाऊन विमान पकडणारे आपल्याकडे कमी नाहीत. आता 701 किलोमीटरच्या समृद्धीवरून गाडीनं जाणारेही वाढलेत. त्यांच्यासाठी चित्र वेगळं आहे. रेल्वे तिकिटासोबतचा 45 पैशांचा विमा फक्त रेल्वे अपघातासाठी असतो, विमान चुकल्याचा नाही. तुम्ही चढणार त्या स्टेशनवर गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरून रेल्वेचे पैसे मिळतात, विमानाचे नाहीत. विम्यात रेल्वे किंवा गाडीचा बिघाड धरायचा असेल तर 'मिस्ड डिपार्चर' असं वेगळं कलम शोधावं लागतं. वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, हे कारण बहुतेक पॉलिसीत चालत नाही.

क्रेडिट कार्डाच्या विम्याबद्दल थोडकंच सांगतो: तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं अशी अट असू शकते. त्याला जोड म्हणून धरा, त्याच्या भरवशावर निघू नका.

क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दोन वाटा. विमा लोकपाल: नागपूरसाठी कार्यालय पुण्यात, फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाच्या आत जायचं. नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण तारखा पडतात. आयोगात प्रकरण सुरू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून मी आधी लोकपालाकडेच जाईन. आमच्यावर ती वेळ आली नाही. डिडक्टिबल (आपण सोसायचा ठरलेला वाटा) कापून नव्या तिकिटांचे आणि एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे आले.

येत्या डिसेंबरात आई-बाबा पुन्हा जाताहेत. या वेळी एकच पीएनआर, मुंबईत साडेपाच तासांचं अंतर, आणि पॉलिसीतलं मिस्ड कनेक्शनचं पान प्रिंट करून बाबांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय. त्यावर मदत क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिलाय, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असा.