स्टँडिंग घेऊ की सीट? मोठ्या रॉक कॉन्सर्टचं तिकीट काढायच्या आधी

मोठा शो अनाउन्स झाला रे झाला की ओळखीतलं कोणीतरी मला विचारतंच, पैसे तर जाणारच आहेत, मग खाली स्टँडिंग घेऊ की वर सीट. मी दोन्ही केलंय, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वर बसून आणि महालक्ष्मी रेसकोर्सवर गर्दीत उभं राहून, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की स्टेज किती जवळ दिसेल हा विचार नंतर करा, आधी हे ठरवा की तुम्हाला गर्दी बघायचीय की गर्दीत असायचंय.

आधी सीटचं सांगते. जानेवारी 2025 मध्ये 18, 19 आणि 21 तारखेला डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन शो झाले, त्यातल्या एकाला मी आईला घेऊन गेले होते, वरच्या स्टँडमध्ये. आत जाताना प्रत्येकाला मनगटावर बांधायला लाइटचा बँड देतात, निघताना परत करायचा असतो, आणि सगळ्यांचे बँड तिकडून एकदमच कंट्रोल होतात. अंधार पडला, त्यांचं ‘यलो’ गाणं सुरू झालं आणि अख्खं स्टेडियम पिवळं! खाली उभे होते त्यांना आजूबाजूचे शंभरेक हात दिसले असतील, आम्हाला मात्र ती प्रकाशाची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना दिसत होती. आईला इंग्लिश गाण्यातला एक शब्द कळत नव्हता, पण ती आपला हात डोळ्यांसमोर धरून रंग बदलायची वाट बघत होती, आणि शेजारच्या कॉलेजच्या मुली तिला आधीच सांगायच्या, काकू आता लाल होणार बघा.

स्टँडमधलं पब्लिक असंच असतं, घरचे लोक, ऑफिसचे ग्रुप, ओळखीच्या गाण्याला सगळे उभे आणि स्लो गाण्याला खाली. मोबाईल मात्र सतत वर. म्हणून तर कोल्डप्लेचा गायक क्रिस मार्टिन एका गाण्याला फोन खिशात ठेवायला सांगतो, आणि खरंच तेवढ्या चार-पाच मिनिटांत फरक जाणवतो, आवाज वाढतो, लोक एकमेकांकडे बघतात. तोटा साउंडचा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तुम्ही 100 मीटर लांब असाल तर स्टेजवरचा आवाज पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा येतो, वर काँक्रीटवरून घुमतो ते वेगळंच, त्यामुळे ड्रम्स कधीकधी गिचमिड ऐकू येतात.

आता खालचं. 9 मार्च 2025, महालक्ष्मीला लोलापलूझा म्युझिक फेस्टिव्हल, ग्रीन डे हा अमेरिकन रॉक बँड पहिल्यांदा भारतात. स्टेजसमोरच्या बॅरिकेडला, म्हणजे अडथळ्याच्या रेलिंगला, चिकटलेले दुपारपासून जागा धरून होते, पाणी कमी पीत होते कारण टॉयलेटला गेलं की जागा गेलीच. मी 5 फूट 1 इंच, मला निम्मा वेळ पुढच्याची पाठ आणि स्क्रीनचा वरचा तुकडा दिसला. तरी सांगते, तसा आनंद मला सीटवर कधी झाला नाही. मधेच गोल मोकळा झाला, पोरं एकमेकांवर आदळत पळायला लागली, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल मारामारी चाललीय. तेवढ्यात एकाने काळा बूट वर धरला, आणि तो गोल चक्क थांबला, बूटवाला लंगडत आला, घातला, लेस बांधेपर्यंत दोघे त्याच्याभोवती हात पसरून उभे राहिले आणि मग परत सुरू. पडला की उचलायचं, हा पिटचा, म्हणजे अशा गोलाचा, नियम न सांगता सगळे पाळतात.

पण भीती कुठली खरी तेही माहीत असू दे. डेन्मार्कच्या रोस्किल्ड फेस्टिव्हलला 2000 साली गर्दीत चिरडून 9 जण मेले, अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलला 2021 मध्ये 10, आणि अशा गर्दीत जीव जातो तो मुख्यतः छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने. म्हणून पुढे असाल तर हात छातीसमोर ठेवा, खाली पडलेल्या फोनसाठी वाकू नका, आणि दाब वाढला तर उलटं ढकलू नका, एक धक्का ओसरला की तिरकं तिरकं बाजूला सरका. गर्दीचा मूड बँडपेक्षा व्यवस्थेवर जास्त असतो असं मला वाटतं. 2011 मध्ये गुडगावला मेटालिकाचा शो ऐनवेळी पुढे ढकलला तेव्हा मैदानात येऊन थांबलेल्या लोकांनी तोडफोड केली, आणि दोनच दिवसांनी बंगळुरूला त्याच बँडचा शो जोरात झाला.

मग घ्यायचं काय? आईवडील, लहान मुलं, गुडघेदुखी, किंवा कोल्डप्ले, यूटूसारखा लाइट आणि स्क्रीनवर उभा असलेला शो असेल तर सीट, बिनधास्त. ग्रीन डे, गन्स एन रोझेससारखा गिटारवाला बँड असेल आणि गाणी पाठ असतील तर खाली. पण पहिलीच वेळ असेल तर बॅरिकेडचा हट्ट सोडा आणि साउंड कन्सोलच्या थोडं मागे उभे राहा. साउंडवाला तिथेच बसून मिक्स करतो त्यामुळे ऐकू सगळ्यात चांगलं येतं, टेकायला रेलिंग मिळतं, रेटारेटी कमी असते, मुलींना तर मी हेच सांगते. फक्त महिना बघा, गन्स एन रोझेसचा मुंबईतला शो 17 मे 2025 ला होता, मुंबईत मे महिन्यात तासन् तास उभं राहणं म्हणजे काय ते सांगायला नको.

इयरप्लग दोन्हीकडे न्या, 100 डेसिबलला कानाची सेफ लिमिट 15 मिनिटं धरतात आणि शो दोन तासांचा असतो. परतीची काळजी तेवढी नको, लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद करायचा नियम असल्याने शो वेळेत संपतो, महालक्ष्मीहून स्टेशन चालत गाठता येतं, नेरूळला मात्र हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर तोबा गर्दी होते, म्हणून आम्ही अर्धा तास स्टँडमध्येच बसून राहिलो, आईने मनगटाचा बँड परत देताना एकदा विचारलं, ठेवता नाही का येत?