कुपवाडच्या सीएनसीवाल्याच्या तोंडातली झिरकोनियाची दाढ : आठ महिन्यांनंतर

आधी सांगतो, मी डॉक्टर नाही. कुपवाड एमआयडीसीत गेली बावीस वर्षं मशीनिंगचं काम करतोय, लेथपासून सुरुवात केली, आता व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारी उभी मिलिंग मशीन, सीएनसीचाच एक प्रकार) बघतो. त्यामुळं हे सगळं जरा वर्कशॉपच्या भाषेत येणार, सांभाळून घ्या. दवाखान्याचं नाव विचारू नका, चांगलं पण लिहिलंय आणि वाईट पण लिहिलंय, उगाच कुणाला त्रास नको.

झालं असं की मागच्या वर्षी जानेवारीत भडंग खाताना खालची उजवीकडची मोठी दाढ कट्टकन वाजली. सांगलीत राहून भडंगानं दाढ घालवली म्हणजे काय बोलायचं. तिचं पंधरा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेलं, वर धातूची कॅप, आत दात पोकळ झालेला, तो मुळापर्यंत उभा चिरला. दाताच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या हा वाचत नाही, काढायला लागंल. काढला. मग प्रश्न आला पुढं काय, ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला दात करायचा तर ते दोन चांगले दात घासायला लागणार, आणि चांगला जॉब (कातायच्या वस्तूला आम्ही जॉब म्हणतो) बिघडवून वाईट जॉब वाचवायचा हे माझ्या डोक्याला पटंना. म्हणून इम्प्लांट.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू हो, बाकी काय नाही, त्याच्यावर नंतर दाढ बसते. माझा ४.३ बाय १० मिलिमीटरचा. हाड टायटॅनियमला चिकटून वाढतं हे स्वीडनच्या ब्रेनेमार्क नावाच्या डॉक्टरला सशाच्या हाडावर प्रयोग करताना कळलं आणि १९६५ मध्ये त्यानं पहिल्या माणसाच्या जबड्यात बसवलं. म्हणजे टेक्निक माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे, काल आलेलं खूळ नाही. कॉम्प्युटरवर डिझाईन करून मशीननं दात कातायचं काम पण जुनंच, झुरिकला १९८५ मध्ये पहिल्या पेशंटच्या दातात तसं मशीननं कातलेलं सिरॅमिकचं फिलिंग बसवलं होतं. आपल्याकडं आत्ता दिसायला लागलंय एवढंच.

दात काढल्यावर तीन महिने थांबलो, मग सीबीसीटी स्कॅन. हा जबड्याचा थ्रीडी एक्सरे, त्यात खालच्या जबड्यातनं जाणारी नस दिसते, तिच्यापासून दोन मिलिमीटर लांब राहायचं असतं, नाहीतर ओठ बधिर व्हायची भीती. मॅडमनी स्क्रीनवर स्क्रू ठेवून फिरवून दाखवला, मला लई भारी वाटलं कारण आम्ही फिक्श्चर (जॉब पकडून ठेवायचा साचा) करताना हेच करतो. मग त्यावरनं थ्रीडी प्रिंटरवर एक प्लास्टिकचं गाइड काढलं, दातांवर टोपीसारखं बसतं आणि भोकाच्या जागी धातूची रिंग. म्हणजे सरळ ड्रिल जिगच की! भोक पाडताना ड्रिल एकदम मोठं नाही, बारीक, मग मोठं, मग अजून मोठं, आणि कूलंट म्हणून सलाईन. का, तर हाड सत्तेचाळीस डिग्रीला मिनिटभर राहिलं तरी मरायला लागतं. आम्ही कूलंट बंद करून टूल जाळणारी माणसं, तिथं खुर्चीवर पडून मी मनातल्या मनात स्पिंडलचा आवाज ऐकत होतो. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी गाल थोडा सुजला, तिसऱ्या दिवशी कामावर.

नंतरचे साडेतीन महिने मात्र काहीच घडत नाही आणि हाच सगळ्यात कंटाळवाणा भाग. मी दोनदा विचारलं, मॅडम लवकर नाही का होणार, त्या म्हणाल्या हाडाला ओव्हरटाइम देता येत नाही.

आता मापाचं. पूर्वी ते पीठ ट्रेमध्ये भरून तोंडात कोंबायचे, घशाकडं उतरलं की उबळ यायची, ते आठवूनच मला घाम फुटायचा. ह्यावेळी नुसता स्कॅनर. इम्प्लांटला वरनं एक छोटी खुंटी लावली, तिला स्कॅन बॉडी म्हणतात, आमच्या भाषेत रेफरन्स पिन, त्यावरनं कॉम्प्युटरला कळतं की आतला स्क्रू किती खोल आणि कुठल्या कोनात आहे. मग जाड पेनासारखी दांडी दातांवरनं फिरवायची, ती फोटो काढत जाते आणि सॉफ्टवेअर ते जोडत जातं. तीन मिनिटांचं काम. माझं वीस मिनिटं चाललं, कारण मध्येच लाईट गेली. इन्व्हर्टरवर येईपर्यंत कॉम्प्युटर बसला, परत चालू केला आणि मॅडमच्या असिस्टंटनं जिथं थांबलं होतं तिथनंच पुढं सुरू केलं. हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

दाढ कातणारी लॅब मिरजेत होती, सतारमेकर गल्लीपासनं फार लांब नाही. मी मॅडमना गळ घातली, मला बघायचंय. त्यांनी फोन केला, लॅबवाला पोरगा हुशार निघाला, म्हणाला या काका. (काका! सत्तेचाळीस वय माझं.) झिरकोनिया म्हणजे एक सिरॅमिक, त्याची चकती असते, ९८ मिलिमीटर व्यासाची, पांढरी, हातात घेतली तर खडूच. नखानं ओरखडा निघतो. पाच ॲक्सिसची छोटी मिलिंग मशीन, तिच्यात ही चकती लावतात आणि खडूसारख्या अवस्थेतच दाढ कातून काढतात, पण खऱ्या मापापेक्षा वीस-पंचवीस टक्के मोठी. मग रात्रभर भट्टीत, १५०० डिग्रीच्या आसपास, आणि सकाळी आकसून बरोबर मापाला येते. आमच्याकडं बीडाच्या कास्टिंगला पॅटर्नवाला (ओतकामाचा नमुना करणारा) शंभराला एक श्रिंकेज, म्हणजे आकसणं, धरतो आणि तरी कधीकधी जॉब चुकतो. हे वीस टक्के धरतात आणि मायक्रॉनच्या गोष्टी करतात! प्रत्येक चकतीवर तिचा आकसायचा आकडा छापलेला असतो, तो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, चुकला की जॉब स्क्रॅप.

भट्टीतनं आल्यावर हाच खडू इतका कडक होतो की घासायला हिऱ्याचं टूल लागतं. पण नुसता कडक असता तर काचेसारखा फुटला असता. गंमत अशी आहे की ह्यात तडा जायला लागला की तड्याच्या टोकाशी असलेले कण आपला आकार बदलतात, तीन-चार टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. मागच्या दाढेला म्हणूनच हे. पुढच्या दातांना काचेसारखं दिसणारं दुसरं सिरॅमिक मिळतं, लिथियम डायसिलिकेट, त्याची ताकद ४०० मेगापास्कलच्या आसपास, झिरकोनिया हजारच्या घरात. जास्त पारदर्शक झिरकोनिया घेतला तर ताकद कमी होते, हे विचारून घ्या, सगळे झिरकोनिया सारखे नसतात. माझ्या डावीकडं जुनी धातूवर सिरॅमिकची कॅप आहे, तिचा टवका उडालाय आणि हिरडीपाशी काळी रेघ दिसते. त्या मानानं हे दिसायला एक नंबर.

ऑगस्टमध्ये बसवायची तारीख होती, नेमकं सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटाला टेकलं, आठवडा गेला. मग बसवली. आणि इथं माझ्यासारख्या मशीनवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचे डोळे उघडले. दाढ स्क्रूवर बसली, मॅडमनी निळा कागद दातात धरायला लावला, चावा म्हणाल्या, आणि जिथं ठिपका पडला तिथं घासलं. परत कागद, परत घासलं. अहो हे तर ब्लू मॅचिंग! आम्ही मशीनच्या बेडला निळं लावून उंच ठिपके स्क्रॅपरनं काढतो तेच. एवढं कॉम्प्युटर, पाच ॲक्सिस, १५०० डिग्री, आणि शेवटी माणूस निळ्या ठिपक्यावर हात मारणार. शेवटी तर ८ मायक्रॉनची पातळ फॉइल घेतली, हलकं चावल्यावर ती ह्या दाढेवरनं सुटली पाहिजे आणि शेजारच्या दातांवर धरली गेली पाहिजे. कारण खऱ्या दाताखाली पडदा असतो, चावल्यावर दात जरासा दबतो, इम्प्लांट दबत नाही, हाडात ठोकल्यासारखा उभा. मग सगळा मार त्याच्यावरच. घासलेली जागा रबरानं गुळगुळीत केली, नाहीतर समोरची दाढ झिजते म्हणाल्या.

चार दिवसांत तक्रार. मेथीची भाजी खाल्ली की पुढच्या फटीत अडकायची, मटणाचा दोरा तर विचारूच नका. गेलो. फ्लॉसचा दोरा घातला तर अडकायच्या ऐवजी सुळकन खाली. फट राहिलेली. कशामुळं ते कुणी छातीठोक सांगितलं नाही, पण मला विचाराल तर लाईट गेल्यावर स्कॅन जिथं जोडला ती जागा बरोबर हीच होती. मॅडमनी वाद घातला नाही, दाढ इम्प्लांटला छोट्या स्क्रूनं आवळलेली होती म्हणून काढता आली (सिमेंटनं चिकटवली असती तर कापायला लागली असती), तेवढा भाग परत स्कॅन केला आणि लॅबनं जुन्याच फाईलमध्ये ती बाजू भरून नवी कातली. सहाव्या दिवशी नवी दाढ तोंडात, पैसे जादा नाहीत. ह्याला मी पूर्ण मार्क देतो. पण पहिल्यांदाच दोरा घालून बघायला पाहिजे होता, त्याचे मार्क कापतो.

वापर कसा वाटतो? पहिला महिना जीभ सारखी तिकडं जायची. चावायला ताकद आहे, भाकरी, शेंगदाणे, हुरडा सगळं. पण फील नाही. खडा आला तर खऱ्या दाताला लगेच कळतं, ह्याला उशिरा कळतं, म्हणून तांदूळ निवडल्याशिवाय आमच्याकडं आता भात होत नाही. ऊस मॅडमनी बंद केलाय. माझी आई म्हणते, एवढे पैसे घालून ऊस खाता येत नसंल तर काय उपयोग, तिला काय उत्तर देणार.

पाचव्या महिन्यात चावताना टिक असं काहीतरी वाटायला लागलं. दुखत नव्हतं. चार दिवस दुर्लक्ष केलं, चूक केली. हाडातला नव्हे, दाढ आवळून धरणारा तो छोटा स्क्रू सैल झालेला. वरचं फिलिंग खरडलं, त्याच्याखालनं निघाली टेफ्लॉन टेप, नळाच्या सांध्याला गुंडाळतो तीच जात! खाली स्क्रू. टॉर्क पान्यानं ३५ न्यूटन सेंटिमीटरला परत आवळला. गाडीच्या चाकाच्या नटाला शंभर न्यूटन मीटरच्या आसपास लागतं, इथं ०.३५. एवढ्याशावर मी मटण खातोय. वीस मिनिटांत काम झालं, तेव्हापासून गप्प आहे.

रोजची कटकट म्हणजे सफाई. कीड लागत नाही हे खरं पण हिरडी सुजून हाड खाली जाऊ शकतं, म्हणून बाटली घासायच्या ब्रशचं पिल्लू असतं तसा बारीक ब्रश रोज रात्री फटीत घालायचा. मी आठवड्यातनं दोन दिवस टाळतो, खोटं कशाला बोलू. तंबाखूवाल्यांनी ह्याच्या नादाला लागायच्या आधी डॉक्टरशी खरं बोला.

खर्च सगळा मिळून अडतीस हजार, सीबीसीटी आणि गाइड धरून. मेडिक्लेमनं हात वर केले.

एक काम नक्की करा. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो, कंपनी, साइज, लॉट नंबर. तो मागून घ्या. उद्या दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला तर कुठल्या कंपनीचा पाना लावायचा हे त्या डॉक्टरला कळायला पाहिजे, सगळ्या कंपन्यांच्या स्क्रूची डोकी सारखी नसतात. माझा स्टिकर गाडीच्या आरसी बुकाच्या पाऊचमध्ये आहे.

दाढेची फाईल पण मी पेनड्राइव्हवर मागून घेतली. कंपनीत प्रोग्रामिंग करणाऱ्या पोरानं ती उघडली, इकडनं तिकडनं फिरवली आणि म्हणाला, "साहेब, आपल्या मशीनवर बसंल की हे, दहापट करून ॲल्युमिनियममध्ये काढू काय?" रविवारी स्क्रॅपमधला तुकडा लावून काढली पण. आता माझ्या टेबलावर ड्रॉइंगवर वजन म्हणून ठेवलेली असते, आणि येणारा प्रत्येक व्हेंडर विचारतो, हा कुठल्या पंपाचा पार्ट?