क्रिताच्या पेन्सिली: फुकट हायेत, पण लय भारी

क्रिता हे कॉम्प्युटरवर चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट हाय, ओपन सोर्स (म्हंजे त्याचा कोड सगळ्यांले खुला) हाय म्हणून लोक हलकं समजतात, पण बाप्पा त्यातले पेन्सिल ब्रश एकदा वापरून तर पहा. पेन्सिल-१ हार्ड मी फक्त कच्च्या रेघांसाठी घेतो, शेडिंगले ४बी नाहीतर सॉफ्ट, आणि पोळ्याच्या बैलाचं वशिंड काढताना टिल्टेड, तिरपी शिस घासल्यावानी दाणा येते एकदम, फक्त तुमच्या पेन टॅबलेटले टिल्ट सपोर्ट, म्हंजे पेन किती तिरपा धरला ते ओळखायची सोय पाहिजे, स्वस्तातल्या बऱ्याच पेनांत तो नसते. मले सगळ्यात आवडलं ते 'ई' बटन, दाबलं की तीच पेन्सिल खोडरबर होते, मंग खोडलेल्या जागीही दाणा तसाच राह्यते, वेगळा गुळगुळीत रबर घेतला की चित्र प्लास्टिकचं दिसते.

हात कापत असन तर रेघ सफाईदार करणारा स्टॅबिलायझर हाय, पण भरभर स्केचिंग करताना नको, रेघ मांगं मांगं येते. 'एम' दाबून चित्र आरशासारखं पलटवा, शिंगं वाकडी झाली का लगेच कयते.

आमच्या इकडे लाईटीचा भरोसा नाही, तर सेटिंगमध्ये ऑटोसेव्हची वेळ कमी करून ठेवा. मोबाईलवर काढायच्या भानगडीत पडू नका, अँड्रॉइडवालं मोठ्या टॅबसाठी हाय.