घडीची दोन टनी इंजिन क्रेन: उचलते कशी त्यापेक्षा उतरवते कशी

ही क्रेन घ्यावी का? घ्यावी. मात्र बूमवर, म्हणजे क्रेनच्या पुढे निघालेल्या हातावर, मोठ्या अक्षरांत ‘२ टन’ लिहिलंय म्हणून घेऊ नका. कारचं इंजिन वर उचलणं हे अशा क्रेनला किरकोळ काम आहे, साधारण कुठलीही ते करते. अडीचशे किलोचं धूड मिलिमीटर-मिलिमीटरने खाली सोडताना ती तुमच्या ताब्यात राहते का, यावर तिची लायकी ठरते. इंजिन स्वॅपमध्ये, म्हणजे एक इंजिन काढून त्या जागी दुसरं बसवताना, बराचसा वेळ त्याच कामात जातो, म्हणून मी सगळं त्याच अंगाने लिहिते आहे.

क्रेनचा नमुना ओळखीचाच आहे: घडी होणारे पाय, खाली सहा चाकं, आठ टनी लांब रॅमचा (बाहेर सरकणाऱ्या दांड्याचा) हायड्रॉलिक जॅक आणि लांबी कमी-जास्त करता येणारा बूम. बूमला चार छिद्रं असतात आणि त्यांच्यापुढे २, १.५, १ आणि ०.५ टन असे आकडे असतात. या एकाच नमुन्याच्या क्रेन वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकल्या जातात, त्यामुळे नावापेक्षा नमुना कसा आहे ते सांगणं जास्त उपयोगाचं. लेव्हलर, म्हणजे लटकतं इंजिन पुढे-मागे कलतं करायचं साधन, मी वेगळा घेतला. त्याच्याशिवाय ही क्रेन अर्धीच आहे.

माझी गाडी बीएमडब्ल्यू ई३०. मूळ इंजिन एम२०, त्या जागी एम५० बसवते आहे. दोन्ही सरळ सहा सिलिंडरची, दोन्ही २४९४ सीसीची, बोअर ८४ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर हेही दोघांचं सारखंच. पण एम२० ला १२ व्हॉल्व्ह आणि टायमिंग बेल्ट, तर १९९० साली आलेल्या एम५० ला २४ व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट आणि टायमिंग चेन. तेवढ्याच घनफळातून १९२ पीएस निघतात. एम२० चा आवाज मला आजही आवडतो, पण एम५० वर चार-साडेचार हजार आरपीएमच्या पुढे जी ओढ मिळते तिच्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं.

आता क्रेन विकतच का घ्यायची, भाड्याने का नाही, हा प्रश्न येतो. तेच इंजिन उतरवून, दुरुस्त करून परत बसवायचं असेल तर भाड्याची क्रेन उत्तम. स्वॅपचं तसं नसतं. इंजिन आत जातं, कुठेतरी अडतं, बाहेर येतं, पुन्हा जातं. एम५० ला ई३६ (बीएमडब्ल्यूचंच दुसरं मॉडेल) चा ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, असेल तर तो ई३० च्या पुढच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर) बसत नाही, ई३४ या आणखी एका मॉडेलचा पॅन, पिकअप नळी आणि डिपस्टिक लावावी लागते. स्टिअरिंग डावीकडे असेल तर इनटेक मॅनिफोल्ड ब्रेक बूस्टरला भिडतं, उजवीकडे असेल तर एक्झॉस्ट आणि स्टिअरिंग शाफ्टची जागेसाठी मारामारी. प्रत्येक वेळी इंजिन जागेवर ठेवून बघायचं, खडूने खुणा करायच्या आणि परत वर घ्यायचं. भाड्याच्या क्रेनला परत करायची तारीख असते. तारखेच्या घाईत माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते आधार, वेल्ड करू नयेत.

पहिली अडचण पोहोचण्याची. २ टनाच्या छिद्रात बूम इतका आखूड राहतो की हुक बंपरच्या पुढेच लोंबकळतो. कारच्या कामात ते छिद्र जवळजवळ निरुपयोगी आहे. लांब सहा सिलिंडरच्या मागे गिअरबॉक्स लावलेला असला की वजनाचा मध्य मागे सरकतो, आणि तिथवर हुक न्यायला बूम १ टनाच्या, कधी ०.५ टनाच्या छिद्रात घ्यावा लागतो. म्हणजे तुमच्या हातात खरी ताकद अर्धा ते एक टनाची आहे. ती पुरेशी आहे. पण याच नमुन्याची एक टनी क्रेन घेतली तर पूर्ण लांबीवर ताकद आणखी घटते, आणि तिथे मला जोखीम घ्यावीशी वाटत नाही. दोन टनी घ्यायचं कारण एवढंच.

ई३० वाल्यांसाठी आणखी एक. हिचं बोनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर असतं आणि पुढे उघडतं. क्रेन नेमकी तिथूनच येते. त्यामुळे बोनेट पूर्ण काढून ठेवायचं. बिजागरीच्या कडेने आधी मार्करने रेघ मारली की परत बसवताना फटी जुळवत बसावं लागत नाही.

लेव्हलर म्हणजे एक आडवी दांडी, तिच्यातून जाणारा लांब स्क्रू आणि चार साखळ्या. हँडल फिरवलं की टांगण्याची जागा पुढे-मागे सरकते आणि इंजिन नाक खाली किंवा शेपूट खाली असं कलतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून आत घालायचे तर गिअरबॉक्सचं शेपूट बरंच खाली करून गाडीच्या तळातल्या बोगद्यासारख्या पोकळीत शिरवावं लागतं आणि शिरता शिरता हळूहळू आडवं करावं लागतं. माझ्या लेव्हलरचं हँडल रिकामं असताना सुरळीत फिरायचं, पण वजन पडलं की कुरकुरायचं. स्क्रूच्या आट्यांना आणि टोकाच्या थ्रस्ट वॉशरला भरपूर ग्रीस चोपडलं आणि ते एका हाताने फिरायला लागलं. हे काम इंजिन लटकवण्याआधी करायचं. आणखी एक, काही गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचं (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचं) टोक गिअरबॉक्सच्या आत सरकवलेलं असतं. तिथे शाफ्ट काढून शेपूट खाली केलं की मागच्या टोकातून ऑइल बाहेर येतं. तसा गिअरबॉक्स असेल तर आधी ऑइल काढून टाका, नाहीतर जुन्या प्रोपेलर शाफ्टचं टोक किंवा बूच तिथे लावा.

लेव्हलर फक्त लांबीच्या दिशेने कल देतो, आडवा कल देत नाही. इथे बरेच जण गोंधळतात. एम५० गाडीत सरळ उभं बसत नाही, ते ३० अंश एका बाजूला कललेलं असतं. साखळ्यांना मात्र ते आपल्या वजनाच्या मध्यावर लटकतं, मग एका बाजूचा माउंट क्रॉसमेंबरला टेकतो आणि दुसऱ्या बाजूचा वर तरंगत राहतो. उपाय साखळ्यांमध्येच आहे: एका बाजूच्या साखळ्या एकेक कडी आखूड घ्यायच्या, वजन घेऊन बघायचं, परत बदलायचं. दोन्ही माउंटचे स्टड आपापल्या छिद्रांवर एकाच वेळी येईपर्यंत हे चालतं. कंटाळवाणं आहे, पण एकदा कड्यांचा हिशेब जमला की मार्करने कडी रंगवून ठेवायची. पुढच्या वेळी इंजिन निमूट जागेवर येतं.

साखळ्यांबरोबर आलेले बोल्ट मी वापरले नाहीत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ग्रेड कोरलेला दिसला तरच तो इंजिन टांगायला घ्यायचा. हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे बोल्टच्या जाडीच्या किमान दीडपट आटे आत गेले पाहिजेत, आणि डोक्याखाली जाड वॉशर हवाच. इथे काटकसर करू नका.

आता मुख्य गोष्ट, खाली सोडणं. रॅमच्या तळाशी रिलीज व्हॉल्व्ह असतो. तो फिरवायला वेगळं हँडल दिलेलं नाही. पंप मारायच्या नळीच्याच टोकाला खाच आहे, ती व्हॉल्व्हवर अडकवून फिरवायची. म्हणजे पंपातून नळी काढायची, वाकायचं, व्हॉल्व्ह शोधायचा, आणि तेवढ्या वेळात इंजिनाकडे पाठ. शिवाय व्हॉल्व्हचा खेळ फार कमी आहे. पाव फेरा फिरवला तर इंजिन धपकन बोटभर खाली येतं. गाडीत उतरवताना बोटभर म्हणजे चिरडलेली ब्रेकची नळी किंवा चेपलेला ऑइल पॅन.

यावर दोन गोष्टी करा. एक, त्याच मापाच्या नळीचा वेगळा तुकडा घेऊन त्याला खाच पाडा, वरच्या टोकाला आडवी सळई वेल्ड करा आणि तो कायम व्हॉल्व्हवर बसलेला ठेवा. लांब आडव्या मुठीमुळे फेऱ्याचा अगदी बारीक अंशसुद्धा हाताला कळतो. दोन, पहिल्यांदा वजन घ्यायच्या आधी रॅममधली हवा काढा: व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप चांगला मारून घ्यायचा आणि मग व्हॉल्व्ह बंद करायचा. हवा राहिली की बूम वर जाताना स्पंजासारखा दबतो आणि उतरताना झटके देतो. एवढं केल्यावर माझी क्रेन सावकाश, एकसारखी उतरते. माझा भाऊ माउंटजवळ टॉर्च धरून “अजून... अजून... थांब” म्हणतो आणि इंजिन खरंच त्या शब्दावर थांबतं. या क्रेनवर माझा जीव जडला तो इथे.

रिकामा बूम मात्र आपल्या वजनाने पटकन खाली येत नाही, हाताने दाबावा लागतो. त्यात दोष काही नाही, माहीत असावं इतकंच.

गळती तपासायची एक सोपी पद्धत आहे. इंजिन लाकडी ठोकळ्यांच्या जेमतेम वर लटकवायचं, रॅमच्या दांड्यावर मार्करने खूण करायची आणि रात्रभर तसंच ठेवायचं. माझं इंजिन सकाळी ठोकळ्यांना टेकलेलं होतं. नवीन जॅकमध्येही हे होऊ शकतं, आणि कामापुरतं ते चालतं, कारण इंजिन लटकतं ठेवून कुणी जेवायलाही जाऊ नये. काम थांबलं की इंजिन स्टँडवर, ठोकळ्यांवर किंवा जुन्या टायरवर. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही, बूमला कितीही टनांचा आकडा असो. ऑइल कमी झालं तर जॅकचंच हायड्रॉलिक ऑइल भरा. ब्रेक फ्लुइडने आतली सील खराब होतात.

चाकं या क्रेनचा सगळ्यात कमकुवत भाग. लोखंडी आणि लहान व्यासाची आहेत, फरशीवर पडलेला एक वॉशरही त्यांना अडवतो. इंजिन उंचावर असताना चाक अडलं की सगळं वजन पुढे झुलतं. म्हणून मी क्रेन हलवतच नाही, गाडी हलवते. खालून करायची कामं स्टँडवर उरकून गाडी चाकांवर उतरवते, क्रेनचे पाय पुढच्या दोन चाकांच्या मधून आत जातात, इंजिन पुढच्या पट्टीच्या वर आलं की गाडी हाताने मागे ढकलायची. त्यानंतर लगेच इंजिन गुडघ्याच्या खाली आणायचं आणि मगच, गरज असली तर, क्रेन सरकवायची. गाडी जमिनीवर असण्याचा दुसरा फायदा उंचीचा. गाडी स्टँडवर जितकी वर, तितकं इंजिन जास्त उचलावं लागतं, आणि घरच्या गॅरेजमध्ये वर उघडणारा दरवाजा आणि त्याचे रूळ बूमच्या आड येतात. क्रेन घेण्याआधी बूम पूर्ण वर गेल्यावर त्याचं टोक किती उंच जातं ते कागदावर बघा आणि छत मोजा.

गिअरबॉक्स जोडताना हीच सावकाश उतरण्याची सवय कामी येते. इंजिन जमिनीपासून थोडंसंच वर, गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर. इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा पुढचा दांडा) क्लच प्लेटच्या खाचांत शिरून बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) हाताने दाबून डॉवेलवर (जागा जुळवणाऱ्या पिनांवर) बसली पाहिजे. फट राहिली असेल तर ती बोल्ट आवळून ओढायची नाही, क्रेन केसभर वर-खाली करून कोन जुळवायचा. रिलीज व्हॉल्व्ह चांगला असला तर हे काम पटकन होतं. तो झटके देत असेल तर अख्खी दुपार जाते.

जोडणीबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. दोघं जण लागतात, पाना नीट लागतो, छिद्रं जुळतात. पायांच्या पिनांना थोडा खेळ आहे. पहिलं वजन घेतल्यावर सगळे नट पुन्हा आवळा, ते थोडे बसतात. घडी करून भिंतीशी उभी केली की गाडीच्या पुढे उरलेल्या अरुंद जागेत राहते, आणि छोट्या गॅरेजमध्ये ही सोय फार मोठी आहे. न घडी होणाऱ्या क्रेन जास्त ताठ असतात, पण त्या ठेवणार कुठे?

छताच्या तुळईला चेन ब्लॉक लावायचा विचार असेल तर तुळई त्या वजनासाठीच बांधलेली आहे हे बांधकामाच्या जाणकाराकडून कळल्याशिवाय लावू नका. ज्यांच्या गाडीत इंजिन सबफ्रेमसकट (खालच्या चौकटीसकट) खालून काढणं सोपं असतं, त्यांना क्रेनपेक्षा गाडी उंच उचलायची भक्कम सोय जास्त उपयोगी पडेल. बाकी पुढे इंजिन असलेली, वरून मोकळी गाडी आणि अजून न ठरलेले माउंट अशी परिस्थिती असेल तर ही क्रेन आणि चांगला लेव्हलर दोन्ही घ्या. दुकानात बघायला मिळाली तर वजन लावून व्हॉल्व्ह स्वतः फिरवून बघा. चाकं बदलायची ठरवलीत तर बसण्याच्या प्लेटवरच्या छिद्रांचं अंतर आणि चाकाची पूर्ण उंची आधी मोजून घ्या, कारण उंच चाकं लावली की पाय बंपरखाली शिरत नाहीत.