मणक्याच्या फ्यूजननंतर ट्रेकिंग पोल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी वस्तू सांगतो. अ‍ॅल्युमिनियमची जोडी, तीन तुकड्यांची, बाहेरून दाबायचा लिव्हर लॉक, फोमची मूठ. जास्तीत जास्त लांबी १३५ सेंमी, मिटवल्यावर ६५ सेंमी, दोन्हींचं मिळून वजन ५२० ग्रॅम. पाठ: एल-४ आणि एल-५, म्हणजे कमरेचे चौथा आणि पाचवा मणका, शस्त्रक्रियेने स्क्रू, रॉड आणि केज (दोन मणक्यांमध्ये बसवायचा ठोकळा) घालून कायमचे जोडलेले. यालाच फ्यूजन म्हणतात. वापर सुरू झाला तो सहाव्या महिन्याच्या एक्स-रेनंतर, सर्जनच्या परवानगीने. पर्वती, तळजाई, लोहगड, सिंहगड, राजमाची, त्यातले दोन महिने पावसाळ्याचे.

पोल घेताना सगळे वजन, कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, किंमत एवढंच विचारतात. जोडलेल्या पाठीसाठी खरा प्रश्न लांबीचा आहे. एल-४ आणि एल-५ मधली हालचाल आता बंद झालेली असते. पोल आखूड पडला की शरीर पुढे वाकतं, आणि ते वाकणं जोडलेल्या जागी न होता वरच्या एल-३–एल-४ सांध्यावर जातं. तो सांधा आधीच जास्तीचं काम करतो आहे. त्यामुळे इतरांना दोन-तीन सेंमी इकडे-तिकडे चालतं, इथे चालत नाही. शंका असेल तेव्हा लांबीकडे झुका, आखूडकडे नको.

सपाटीवर उंचीला ०.६८ ने गुणा. १७० सेंमी उंचीला ११५ ते ११६ सेंमी येतात. हे बूट घालून पडताळायचं: टोक पावलाशेजारी टेकवलं की कोपर काटकोनात हवा. चढावर ५ सेंमी कमी करा. चढणीला १० कमी करतात ते तरण्या पाठीचं गणित. उतारावर ५ ते १० सेंमी वाढवा. दर खिंडीत लांबी बदलायचा कंटाळा येतो आणि लोक एकाच लांबीवर अख्खा गड उतरतात. तोच कंटाळा दुसऱ्या दिवशी कमरेत बोलतो. उंची १८४ च्या पुढे असेल तर १३५ ची जोडी उतारावर १० सेंमी वाढवायला अपुरी पडते. नळीवरच्या कमाल खुणेच्या पलीकडे तुकडा ओढू नका. आत धरायला नळी उरत नाही आणि भार पडल्यावर जोड मोडतो.

मुठीचा पट्टा घालायची पद्धत बहुतेकांची चुकते. हात पट्ट्यात खालून वर घालायचा, मग पट्टा आणि मूठ एकत्र धरायची. म्हणजे भार मनगटावर पेलला जातो, मूठ आवळावी लागत नाही. आवळलेली मूठ, वर चढलेले खांदे आणि ताठ मान ही एकच साखळी आहे, तिचं शेवटचं टोक कमरेत.

आता उतार, कारण मोठा फायदा इथेच मिळतो. लोहगडाच्या पायऱ्यांची उंची सारखी नाही, काही ठिकाणी गुडघ्यापर्यंत येते. तिथे आधी दोन्ही पोल खालच्या पायरीवर टेकवायचे, तळहात मुठीच्या डोक्यावर ठेवायचा, मग पाय खाली. क्रम उलटा झाला, म्हणजे पाय आधी आणि पोल नंतर, की टाच धपकन आदळते आणि तो दणका थेट मणक्यात जातो. वेग निम्मा होतो, तो होऊ द्यावा. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर घसारा आहे. तिथे पोल पायाच्या थोडे पुढे आणि बाहेरच्या बाजूला, खांद्याएवढ्या अंतरावर टेकवा.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे टोक दगडांच्या फटीत अडकणं. शरीर पुढे गेलेलं, हात मागे पट्ट्यात अडकलेला, आणि कंबर पिळली जाते. फ्यूजननंतर पिळ हाच सगळ्यात नको असलेला प्रकार. म्हणून मोठ्या धोंड्यांच्या टप्प्यात पट्ट्यातून हात काढा. यात तोटा असा की पोल हातातून सुटतो आणि उचलायला वाकावं लागतं. पडलेला पोल उचलताना दुसऱ्या पोलवर भार द्यायचा, एक पाय मागे सरळ उचलायचा, कंबर न वाकवता खुब्यातून झुकायचं. सोबत कोणी असेल तर त्यांना सांगा, लाज वाटू देऊ नका.

अडकलेलं टोक हिसका देऊन काढू नये. एक पाऊल मागे घ्या आणि सरळ वर उचला. चिखलाने घट्ट बसलेले तुकडे सोडवतानाही तेच: एकाने खालचा, दुसऱ्याने वरचा भाग धरायचा. एकट्याने गुडघ्यात धरून खेचणं बंद.

लिव्हर लॉक हा या जोडीचा चांगला भाग. पिळून बंद होणारा लॉक आत चिखल गेला की पावसात घसरतो, आणि उतारावर पोल अचानक आखूड होणं या पाठीला परवडत नाही. लिव्हरही सैल पडतो, चार-पाच ट्रेकनंतर स्क्रू पाव फेरा आवळावा लागला. निघण्यापूर्वी पोल टेकवून त्यावर अंगाचा भार टाकून पाहायचा, दर वेळी. स्प्रिंगवाले पोल मात्र घेऊ नका. भार टाकला की आधार आधी खाली दबतो, तोल सावरायच्या नेमक्या क्षणी.

रबरी बूच डांबरी रस्त्यावर आणि सिमेंटच्या पायऱ्यांवर बरं, पण झिजतं भराभर. आठ महिन्यांत दोन जोड्या संपल्या, एक चिखलात गेली. मातीत आणि मुरमात बूच काढून कार्बाइडचं टोक वापरा. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर दोन्ही घसरतात. तिथे पोल असले तरी विश्वास ठेवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षी कातळाची वाट टाळून राजमाचीचा लोणावळ्याकडचा रुंद कच्चा रस्ता बरा, पण तो एका बाजूने १५ किलोमीटर आहे. आधी निम्म्यावरून परत फिरा.

लोखंडी शिड्या आणि रेलिंगच्या जागी पोल अडचण होतात. कळसूबाईच्या शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत. ६५ सेंमीचे मिटवलेले पोल छोट्या सॅकच्या वर डोकावतात आणि कठड्याला अडकतात. त्यासाठी घडीचे, ४० सेंमीच्या आत बसणारे पोल चांगले. सॅकच्या बाजूच्या खिशात मागे हात घालून पोल खोचू नका, तोही पिळच. सॅक काढून कमरेएवढ्या उंच दगडावर ठेवा आणि मग खोचा.

सॅकबद्दल एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. कमरेचा पट्टा खुब्याच्या हाडावर बसतो, आणि मागून तीच पातळी एल-४–एल-५ ची, म्हणजे टाक्यांची जागा. पट्ट्यामागची जाड गादी व्रणावर घासते. दुकानात ३ किलो भरून वीस मिनिटं चालून पाहा. सुरुवात २ किलोपासून, त्यात १ लिटर पाणी नळीच्या पिशवीत, म्हणजे बाटलीसाठी मागे हात न्यायला नको. पुढच्या दिवशी कमरेत काही नसेल तरच अर्धा किलो वाढवा. बुटाची नाडी बांधायला खाली बसू नका, पाय गुडघ्याएवढ्या दगडावर ठेवा.

चालताना पाऊल पुढून लोंबू लागलं आणि बोट दगडाला अडू लागलं, मांड्यांच्या आतल्या भागात किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा लघवी होईना, यातलं एकही झालं तर ट्रेक तिथेच थांबवून थेट रुग्णालय. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. नुसता स्नायूंचा ताण साधारण दोन दिवसांत उतरतो, पायात खाली जाणारी कळ वाढत असेल तर सर्जनला दाखवा.

परत आल्यावर तिन्ही तुकडे वेगळे करून पुसा आणि उघडेच सावलीत वाळू द्या. नळीला तेल लावू नका, लॉक धरत नाही.

पायथ्याला मिळणाऱ्या बांबूच्या काठीशी तुलना नेहमी होते. काठी मजबूत असते, यात शंका नाही. पण ती एकच असल्याने भार एका बाजूला जातो, खांदा झुकतो, आणि उतारावर लांबी वाढवता येत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांना काठी पुरते. त्याच्या पुढे जोडी घ्या, दोन हजारांच्या आतली चालेल, लॉक मात्र बाहेरचाच.