रमन राघव की जोशी-अभ्यंकर : कोणते प्रकरण सांगायला घ्यावे?

एखाद्या जुन्या खूनमालिकेवर मराठीत श्राव्य मालिका किंवा दीर्घ लेख करावा असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्यापुढे बहुधा दोनच नावे आधी उभी राहतात : मुंबईचे रमन राघव प्रकरण आणि पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड. दोन्हींत जेमतेम आठ वर्षांचे अंतर आहे, दोन्ही त्या त्या शहराच्या आठवणीत खोल रुतलेली आहेत आणि वरवर पाहता दोन्ही एकाच घाटाने सांगता येतील असे वाटते. प्रत्यक्षात त्यांची साधने, त्यांतले कायद्याचे प्रश्न आणि सांगणाऱ्यावर येणारी जबाबदारी यांत इतका फरक आहे की, चुकीची निवड केली तर वर्षभराचे काम वाया जाऊ शकते. ज्याला या दोहोंतून एक निवडायचे आहे त्याच्यासाठी हा आढावा आहे. माझा निकष एकच आहे : उरलेल्या कागदपत्रांत, पुस्तकांत आणि जबान्यांत आवाज कोणाचा आहे?

मुंबईचे प्रकरण मारणाऱ्याच्या नावाने ओळखले जाते, पुण्याचे मारल्या गेलेल्यांच्या आडनावांनी. हा योगायोग समजू नये, कारण दोन्ही प्रकरणांत मागे काय शिल्लक राहिले याचाच तो परिणाम आहे. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुने लोक ज्याला जीआयपी म्हणत त्या रेल्वेमार्गालगत, उघड्यावर आणि झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले आणि त्यांतले ९ जण दगावले. ही माणसे पोटासाठी शहरात आलेली होती आणि बहुतेकांच्या डोक्यावर पक्के छप्परही नव्हते. त्यांची नावे जुन्या वर्तमानपत्रांतून गोळा करता येतील, पण ती कुठून आली होती, काय काम करीत होती, त्यांच्यामागे कोण राहिले, हे शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती फारसे काही लागत नाही. उलट रमन राघवविषयी लिहायला साहित्य भरपूर आहे.

त्या साहित्याचे स्वरूप पाहू. १९६५-६६ च्या हल्ल्यांच्या वेळीही तो पोलिसांच्या हाती लागला होता, मात्र पुराव्याअभावी सुटला. १९६८ मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले तेव्हा तपासाची सूत्रे गुन्हे अन्वेषण विभागाचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी डोंगरी परिसरात एका माणसाला जुन्या छायाचित्रावरून ओळखले. त्याच्या हातात ओली छत्री होती आणि आपण मालाडहून आल्याचे त्याने सांगितले. झडतीत सापडलेल्या वस्तूंची यादी अशी आहे : एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. कितीही रंगवून लिहिलेल्या प्रसंगापेक्षा ही कोरडी यादी अधिक बोलते, आणि हे प्रकरण कुणी हाती घेतलेच तर त्याने तिला हात न लावता ती आहे तशी ठेवावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पुढचे सगळेच सांगणाऱ्याला भुरळ घालणारे आहे. बराच काळ तोंड न उघडणाऱ्या या माणसाने आधी कोंबडीचे जेवण मागितले, नंतर केसांचे तेल, कंगवा आणि आरसा मागितला, आणि ते मिळाल्यावर तो बोलू लागला. पुढे ज्या लोखंडी सळईने तो मारत असे ती त्याने स्वतःच काढून दिली. कबुलीत त्याने ४१ खुनांचा उल्लेख केला, मात्र खटला चालला तो मालाडच्या दोन जणांच्या खुनांबद्दल. या ४१ च्या आकड्याशी फार जपून वागले पाहिजे. आजवरच्या बहुतेक कथनांत तो सिद्ध झालेली गोष्ट असल्यासारखा पहिल्याच वाक्यात येतो, आणि तो एका गंभीर मनोरुग्णाचा दावा होता हे सांगायचे राहून जाते.

हे प्रकरण निवडण्याचे खरे कारण माझ्या मते इथून पुढे सुरू होते. १९६९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा दिली आणि त्याने अपील करायलाही नकार दिला. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. या जगाखेरीज ‘कानून’चे आणखी एक जग आहे, आपण त्या ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, लोक आपले पुरुषत्व बदलू पाहत आहेत, अशा त्याच्या ठाम समजुती त्या मुलाखतींतून नोंदल्या गेल्या. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमानुसार, कृत्य करताना वेडसरपणामुळे त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक वा बेकायदा असल्याचे जर आरोपीला कळत नसेल, तर तो गुन्हा ठरत नसे. खून हा कायद्याविरुद्ध आहे हे ठाऊक असूनही दुसऱ्याच एका कायद्याची आज्ञा मानणारा माणूस या कलमात बसवायचा कसा, हा प्रश्न तेव्हाही अवघड होता आणि आजही आहे. अखेर ऑगस्ट १९८७ मध्ये, आजार बरा होण्याजोगा नाही हे लक्षात घेऊन, त्याची फाशी रद्द करून जन्मठेप देण्यात आली. शिक्षा सुनावल्यापासून ती बदलेपर्यंत अठरा वर्षे गेली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

आता पुणे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे खून झाले, म्हणजे जवळजवळ सगळे प्रकरण आणीबाणीच्या काळात घडले. अभिनव कला महाविद्यालयात शिकणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चार तरुण दोषी ठरले. पहिला बळी त्यांचाच एक सहाध्यायी होता. त्याच्या वडिलांकडून पैसे उकळण्यासाठी त्याला आधी चिठ्ठी लिहायला लावली आणि नंतर मारून त्याचा मृतदेह पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात टाकला. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातले तिघे आणि १ डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृती’ बंगल्यातले पाच जण मारले गेले. या दोन घटनांच्या दरम्यान शंकरशेठ रस्त्यावरच्या एका बंगल्यात शिरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. मार्च १९७७ मध्ये आणखी एका ओळखीच्या तरुणाला मोटारसायकलवर बसवून नेऊन मारले. त्याचा मृतदेह दगडांसह लोखंडी शिडीला बांधून बंडगार्डनजवळ नदीत सोडला होता, पण तो वर आला आणि तिथून तपासाला दिशा मिळून चौघे पकडले गेले.

‘स्मृती’ बंगल्यात मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित होते. व्याकरणातील संज्ञांचा त्यांनी इंग्रजीत केलेला कोश आजही अभ्यासक वापरतात. वयाची ऐंशी ओलांडलेल्या या विद्वानाच्या नावामुळे प्रकरणाला जे वजन आले ते योग्यच आहे. पण त्याच घरात काम करणारी एक वयस्क बाईही त्या रात्री मारली गेली. ती, पहिला बळी ठरलेला विद्यार्थी आणि शेवटचा तरुण हे तिघेही ‘जोशी-अभ्यंकर’ या जोडनावात कुठेच नाहीत. पुण्याचे प्रकरण बळींच्या नावाने ओळखले जाते म्हणून तिथे सर्वांना न्याय मिळाला आहे असे समजू नये. या तिघांना पुन्हा कथेत आणण्याचे काम अजून मनापासून झालेले नाही आणि ते करता येण्याजोगे आहे.

साधनांच्या बाबतीत पुणे सरस आहे, मात्र धोकाही तिथेच आहे. खटला १९७८ च्या मेमध्ये सुरू झाला, चार महिन्यांहून अधिक चालला आणि २८ सप्टेंबर १९७८ रोजी न्यायाधीश वा. ना. बापट यांनी चौघांना फाशी सुनावली. एप्रिल १९७९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, पुढे सर्वोच्च न्यायालयातही ती टिकली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली. एवढ्या प्रदीर्घ कज्जात साक्षी, उलटतपासण्या, पंचनामे आणि निकालपत्रे यांचा जो साठा तयार होतो, तो कोणत्याही लेखकाला हेवा वाटावा असा आहे. पण घटनेच्या वेळी घरात असलेल्यांपैकी कोणीच वाचले नाही. त्यामुळे आत काय घडले याची माहिती दोनच वाटांनी येते : एक माफीचा साक्षीदार झालेल्या त्यांच्याच सोबत्याची साक्ष, आणि दुसरी मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन.

या दोन वाटांना सारखेच वजन देता येणार नाही. माफीच्या साक्षीदाराच्या बोलण्यावर शिक्षा देता येते असे तेव्हाच्या पुरावा कायद्याचे १३३ वे कलम सांगत असे, पण त्याला महत्त्वाच्या बाबतींत दुजोरा मिळावा अशी सावधगिरीही न्यायालये पाळत आली आहेत. म्हणजे त्याचे प्रत्येक म्हणणे उलटतपासणीच्या चाळणीतून गेलेले असते. मुनव्वरच्या पुस्तकाला अशी कोणतीही चाळणी लागलेली नाही. ते फाशीच्या छायेत लिहिलेले आहे, त्यात पश्चात्ताप आहे, आणि वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याविषयी कणव वाटावी अशी त्याची रचनाही आहे. मी ते टाकाऊ मानत नाही; एखादा माणूस आपल्या कृत्याकडे कसा पाहतो याचा तो महत्त्वाचा दस्तऐवज आहे. अडचण अशी की, प्रकरणावरील कितीतरी कथनांचा कणा तेच पुस्तक झाले आहे. त्यामुळे जक्कल हा एकटाच कर्ता आणि बाकीचे त्याच्या धाकाने ओढले गेलेले, ही मांडणी आपोआप खरी मानली जाऊ लागली. चौघांनाही न्यायालयाने सारखीच शिक्षा दिली होती हे त्या ओघात विसरले जाते.

कथनाच्या घाटाचा विचार करता पुण्याला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. सारे एका शहराच्या काही किलोमीटरांत घडते, आणि संध्याकाळ झाली की दारे लावून घेणारे पुणे ऐकणाऱ्याला उभे करून दाखवता येते. मुंबईच्या प्रकरणात असा घाट नाही. तिथे हल्ल्यांमागे नेहमीच्या अर्थाने हेतू नाही आणि बळींचा एकमेकांशी संबंध नाही; पोलिसांच्या नकाशावरील ठिपक्यांखेरीज त्यांना जोडणारा धागा नाही. म्हणूनच चित्रपटवाले इथे कल्पनेकडे वळले. श्रीराम राघवन यांनी रघुवीर यादव यांना घेऊन १९९१ मध्ये केलेला चित्रपट घटनांना बराच धरून होता. २०१६ चा ‘रमन राघव २.०’ मात्र आजच्या काळात घडणारी काल्पनिक गोष्ट आहे, आणि तो पाहून प्रकरण कळले असे मानणाऱ्याने लिहायला बसू नये.

आणखी एक फरक काहींना मुंबईकडे ओढून नेतो. पुण्यात बळींचे आणि साक्षीदारांचेही आप्त, शेजारी, सहाध्यायी आज हयात असू शकतात. त्यांच्याकडे जावे लागेल, परवानगी मागावी लागेल आणि नकार आला तर तो मानावा लागेल. मुंबईत विचारायला कोणी नाही, म्हणून तिथे मोकळीक आहे, असा हिशेब मी ऐकला आहे. मला तो मुळीच पटत नाही. ज्यांच्या वतीने आक्षेप घ्यायला कोणी उरले नाही, त्यांच्या मृत्यूचे वर्णन अधिक तपशिलात करायला आपण मोकळे होत नाही. उलट तिथे लेखकाने स्वतःवर जास्त निर्बंध घालावे लागतात.

याच ओघात मानवतचे नाव निघते. परभणी जिल्ह्यातील या गावात १९७२ ते १९७४ दरम्यान मुली आणि स्त्रियांचे खून झाले. गुप्तधन आणि पिंपळावरचा मुंजाबा यांच्या समजुतीतून ते घडले असा आरोप होता, आणि तिथेही तपासाला रमाकांत कुलकर्णीच गेले होते. पहिल्यांदाच असे काम करणाऱ्याने मात्र ते घेऊ नये असे माझे मत आहे. ज्यांच्याभोवती सारी कथा फिरते ते उत्तमराव बारहाते आणि रुक्मिणी हे दोघेही अखेर निर्दोष सुटले, तर हाताखालच्यांना शिक्षा झाली. रुक्मिणी पारधी समाजातली होती आणि ज्या समाजावर इंग्रजांच्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच्याविषयी जराशी निष्काळजी वाक्यरचनाही जुनी जखम पुन्हा उघडते. शिवाय २०२४ मध्ये त्यावर वेब मालिका येऊन गेल्याने श्रोते एका ठरलेल्या चित्रासह येतील.

तेव्हा निवड अशी करावी. तुम्हाला मानसिक आजार, फाशी आणि त्यांच्यामधली कायद्याची अठरा वर्षे यांविषयी बोलायचे असेल, आणि एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला मजकूर दाखवून दुरुस्त करून घ्यायची तयारी असेल, तर रमन राघव घ्यावा आणि हल्ल्यांची वर्णने एका भागात आटोपावीत. गुन्हा कसा घडतो, कसा उघडकीस येतो आणि न्यायालयात कसा सिद्ध होतो हे सांगायचे असेल, तर जोशी-अभ्यंकर घ्यावे; पहिल्या कामासाठी माझा कौल निःसंशय त्यालाच आहे. आधी निकालपत्रे मिळवून वाचावीत, त्यांतून तारखांचा तक्ता करावा, मग १९७६-७७ च्या पुण्यातील वर्तमानपत्रांच्या फायली चाळाव्यात. त्या पाहताना मार्च १९७७ पर्यंत आणीबाणी होती हे ध्यानात ठेवावे. दहाही बळींची पाने तयार झाल्यावर, आणि त्यानंतरच, मुनव्वरचे पुस्तक उघडावे. त्यातले जे काही घ्याल त्याच्यापुढे ‘मुनव्वरच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द प्रत्येक वेळी ठेवावेत.